सक्तीचा मेडिक्लेम? मग सक्ती दोन्ही बाजूंनी होऊ द्या

उंटावरचा शहाणा

सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट आली. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली नुसतं 'आर्थिक सल्लागार'. म्हणणं असं: "स्कूटरला विमा सक्तीचा आहे, मग माणसाला का नको? प्रत्येक कमावत्या माणसाला कायद्यानं आरोग्य विमा काढायला लावा. जो काढणार नाही त्याला सरकारी रुग्णालयात फुकट उपचार देऊ नका." त्याखाली अंगठ्यांची रांग. पहिलं वाक्य मी सोडून दिलं असतं, शेवटच्यानं डोकं फिरलं. तिथे काही लिहिलं की सेक्रेटरी "ग्रुप फक्त पाणी आणि लिफ्टसाठी आहे" म्हणून गप्प करतात, म्हणून इथे.

स्कूटरचंच घेऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ची सक्ती आहे ती थर्ड पार्टीची. मी कुणाला उडवलं तर त्याच्या भरपाईची सोय. माझी स्कूटर चोरीला गेली तर माझं मी बघायचं, त्याची सक्ती कुणी करत नाही. आणि त्या थर्ड पार्टीचा हप्ता कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. सीसीप्रमाणे दर बांधलेला. स्कूटर जुनी आहे म्हणून कुणी तुम्हाला दारातून परत पाठवत नाही.

मेडिक्लेमचं काय? माझ्या मेव्हण्याला शुगर आणि बीपी दोन्ही. एका कंपनीनं नाही म्हटलं, दुसरीनं नाही म्हटलं, तिसरीनं मेडिकल करून घेऊन मग नाही म्हटलं. एजंट म्हणतो, "सर, अंडररायटिंगमध्ये बसत नाही." म्हणजे कंपनीच्या जोखमीच्या हिशेबात. उद्या कायदा आला तर हा माणूस दंड भरणार? घ्यायची सक्ती त्याच्यावर, द्यायची सक्ती कुणावरच नाही, असा हा मामला आहे.

विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयनं २०२४ मध्ये ६५ वर्षांची अट काढली, आधीच्या आजारांचा वेटिंग पिरियड (तेवढा काळ त्या आजाराचे पैसे मिळत नाहीत) चार वर्षांवरून तीनवर आणला, हे ठाऊक आहे. पण अट काढली म्हणून पॉलिसी मिळतेच असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना सांगावं लागलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी विचारा. त्यावरून आधी काय चाललं होतं ते समजा.

आणि सरकारी रुग्णालय ही काही त्या सल्लागाराच्या बापाची धर्मशाळा नाही. ससूनला केसपेपरच्या रांगेत उभी असलेली बाई साबणाच्या वडीवरसुद्धा कर भरते. तिला कुठल्या तोंडानं हाकलणार?

विम्याचं मला वावडं नाही. माझी पॉलिसी आहे, दरवर्षी निमूट भरतो. प्रश्न सक्तीचा आहे.

आकडेबाज

उंटराव, माझी हयात विम्याच्या धंद्यात गेली, शिव्या खायची सवय आहे. पण मेव्हण्याला नकार का मिळतो याचा विचार केलात का? कारण तिशीतला धडधाकट माणूस विमा काढतच नाही. काढतो कधी, तर डॉक्टरनं अँजिओग्राफी लिहून दिल्यावर. सगळे आजारीच गोळा झाले की हप्ता वाढतो, हप्ता वाढला की उरलेसुरले निरोगी पळतात, मग आणखी वाढतो.

तुम्हाला हवी असलेली नकारबंदी आणि तुम्हाला नको असलेली सक्ती या जुळ्या बहिणी आहेत, एकीशिवाय दुसरी नांदत नाही. जर्मनीत बिस्मार्कनं १८८३ साली कामगारांपासून सुरुवात केली. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येकाला मूळ पॉलिसी घ्यावीच लागते आणि कंपनीला ती नाकारता येत नाही. दोन्ही बाजू एकाच कायद्यात.

आपल्याकडे आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के खर्च लोक अजूनही स्वतःच्या खिशातून करतात (राष्ट्रीय आरोग्य लेखे, २०२१-२२). २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४.२ होता. उरलेलाही खाली आणायचा तर सगळ्यांना एका छत्रीखाली आणावं लागेल. सल्लागाराची भाषा भिकार आहे, मुद्दा भिकार नाही.

उंटावरचा शहाणा

@आकडेबाज, तो आकडा ३९.४ पर्यंत खाली आला त्यात सरकारनं वाढवलेल्या खर्चाचा वाटा मोठा. तरी सरकार आरोग्यावर देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्केच खर्च करत होतं. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के लिहिले होते. सक्तीच करायची तर ती आधी सरकारला करा की!

करदाता नंबर एक

सक्ती सक्ती काय लावलंय? हप्त्यावर वर्षानुवर्षं १८ टक्के जीएसटी घेतला तेव्हा कुठे होता सगळे? आजारी पडायच्या भीतीवर कर! गडकरींनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं तेव्हा कुठे हा विषय पेपरात आला. २२ सप्टेंबर २०२५ ला कर शून्य झाला म्हणून पेढे वाटले. माझं रिन्यूअल त्यानंतरचं. मूळ हप्ताच असा फुगला की गेलेला कर पुन्हा घरात आला. विचारलं तर म्हणे इनपुट क्रेडिट (कंपनीनं स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट) गेलं, वय वाढलं, 'मेडिकल इन्फ्लेशन'. आणि नव्या कररचनेत ८०-डी, म्हणजे हप्त्यावरची आयकर सवलत, पण नाही. म्हणजे सरकारला विमा हवा, पण सवलत द्यायला नको.

आकडेबाज

@करदाता, वय वाढलं की हप्त्याचा वयोगट बदलतो, ते कर गेला नसता तरी झालंच असतं. बाकी इनपुट क्रेडिटचं रडगाणं आमच्या लोकांनी जरा जास्तच आळवलं, हे कबूल.

कामगार आघाडी

सक्तीचा आरोग्य विमा या देशात १९४८ च्या कायद्यापासून आहे, त्याचं नाव ईएसआय, कामगार राज्य विमा. इथल्या कॉर्पोरेट मंडळींना आठवणार नाही. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. नकार नाही, वेटिंग पिरियड तीन वर्षं नाही, म्हातारे आईबाप अवलंबून असले तर तेही आत. पण पगाराची मर्यादा २१,००० वर २०१७ सालापासून अडकलीय. इन्क्रिमेंट मिळून माणूस २२,००० वर गेला की चालू सहामाही संपल्यावर बाहेर. पगारवाढ नको म्हणणारे कामगार पाहिलेत मी, कारण घरात डायलिसिसवरचा माणूस. ती मर्यादा वाढवा, अर्ध्या प्रश्नाला उत्तर तिथेच आहे. खासगी कंपन्यांना नवं गिऱ्हाईक कशाला?

करदाता नंबर एक

ईएसआयच्या दवाखान्यात गेलायत कधी स्वतः?

कामगार आघाडी

रोज जातो. तुम्ही गेलात तर तिथली अवस्था सुधारेल, कारण तुमच्यासारखे लोक ओरडले की ऐकलं जातं.

न्यूजर्सीचा पाहुणा

इकडचं, अमेरिकेतलं सांगतो. ओबामाकेअरमध्ये, म्हणजे ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यात, २०१४ पासून विमा नसेल तर दंड होता. शेवटी शेवटी ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, जे जास्त असेल ते. २०१७ मध्ये इथल्या संसदेनं, काँग्रेसनं, तो शून्य केला, २०१९ पासून लागू. मग आमच्या न्यू जर्सीनं त्याच वर्षापासून स्वतःचा दंड लावला, राज्याच्या टॅक्स रिटर्नबरोबर भरायचा. माझा भाचा एडिसनला आला तेव्हा म्हणाला, "मामा, पंचविशीत विमा कशाला?" दंडाचा आकडा ऐकला आणि त्याच रात्री फॉर्म भरला. पुढच्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून मनगट मोडलं. सक्ती नसती तर कर्जात गेला असता. त्यामुळे आकडेबाजांना अनुमोदन.

उंटावरचा शहाणा

@पाहुणा, भाच्याचं मनगट बरं झालं ना? पण तुमच्याच देशाचा आकडा तुमच्या विरुद्ध जातो. दंड शून्य झाल्यावर सगळं कोसळेल अशी भाकितं होती. कोसळलं का? २०२१ मध्ये अनुदान वाढवलं आणि त्या कायद्याच्या विमा-बाजारातून विमा घेणारे १ कोटी २० लाखांवरून २०२५ पर्यंत २ कोटी ४० लाखांच्या आसपास गेले. केंद्राचा दंड नसताना. लोक विमा घेत नाहीत ते बेफिकीर म्हणून कमी आणि परवडत नाही म्हणून जास्त.

न्यूजर्सीचा पाहुणा

मान्य करतो, पण अर्धंच. अनुदान कुणाच्या तरी करातूनच येतं, बहुधा माझ्या. तुम्हाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट मात्र सांगतो. इथे वैयक्तिक पॉलिसीत गोळा झालेल्या हप्त्यातले किमान ८० टक्के उपचारांवर आणि उपचारांच्या दर्जावर खर्च करावे लागतात, मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत ८५. कमी झाले तर फरक ग्राहकाला परत. मला एकदा चेक आला होता. रकमेत दोघांचं जेवण झालं असतं, पण आला.

उंटावरचा शहाणा

आकडेबाज, आपल्याकडे फक्त आरोग्य विमाच विकणाऱ्या खासगी कंपन्यांचा आकडा किती हो? २०२३-२४ चा.

आकडेबाज

शंभरातले पासष्टच्या आसपास. विचारायच्या आधीच तुम्हाला माहीत होतं. सरकारी कंपन्या शंभराच्या वर देतात आणि आरोग्य विम्यात तोटा सोसतात, तेही लिहा.

सांगलीच्या वैनी

मी सहसा वाचते, लिहीत नाही. पण सक्ती करा म्हणणाऱ्यांनी क्लेम केलाय का कधी? सासूबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन. पाच लाखांची पॉलिसी, एकही क्लेम नाही आधी. काउंटरवरच्या मुलीनं आजार विचारायच्या आधी विचारलं, "मेडिक्लेम आहे का?" आहे म्हटल्यावर डोळे चमकले तिचे. जनरल वॉर्ड भरलाय, डीलक्सच शिल्लक आहे म्हणाली. घेतली. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी सुट्टी झाली, टीपीएचं (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्यांचं) उत्तर येईपर्यंत दिवेलागण. सासूबाई सलाईनची सुई काढून, साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन कॉटवर बसलेल्या, आणि नर्स येऊन विचारते, "अजून बेड सोडला नाही?" अप्रूव्हल आलं ते निम्म्याहून थोडंच जास्त. रूमचा फरक भरायची माझी तयारी होती. यांनी ऑपरेशनचे पण कापले! आम्ही डॉक्टर महाग निवडला होता का? शेवटी गळ्यातलं ठेवलं.

आकडेबाज

वैनी, तुमच्या पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा विम्याच्या रकमेच्या एक टक्का असणार. पाच लाखांवर रोजचे ५,०००. समजा रूम ८,००० ची घेतली आणि चार दिवस राहिलात. रूमचे १२,००० कापले जातात एवढंच लोकांना वाटतं. पण ५,००० भागिले ८,००० म्हणजे ६२.५ टक्के, आणि त्याच प्रमाणात सर्जन, ओटी, भूल, नर्सिंग सगळं कापतात. ते १,२८,००० झाले असतील तर ८०,००० मंजूर, ४८,००० तुमचे. १२,०००च जाणार वाटतं, ६०,००० जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावायची नाही असा नियम आहे, ते बिल पुन्हा तपासा. पॉलिसी घेताना वाचायला हवं होतं.

सांगलीच्या वैनी

चाळीस पानं इंग्रजीत. एजंट आमच्याच भावकीतला, म्हणाला, "वैनी, सगळं कव्हर आहे." आता फोन उचलत नाही, लग्नात दिसला की पंगत बदलतो.

मालवणी खाजा

रूम महाग घेतली म्हणून सर्जनचे पैसे का कापायचे हेच मला कळत नाही. चाकू तोच ना?

आकडेबाज

कारण हॉस्पिटलं रूमप्रमाणे सर्जनची फी बदलतात. तेच ऑपरेशन जनरलमध्ये एक दर, डीलक्समध्ये दुसरा. हे आम्ही शोधून काढलेलं नाही.

डॉ. खेडवळ

वाट बघत होतो डॉक्टर कधी चोर ठरतात याची. ठरले. तालुक्याच्या गावी वीस खाटांचं हॉस्पिटल चालवतो, डीलक्स रूम नाही, काउंटरवर डोळे चमकवणारी मुलगी नाही, माझी बायकोच बसते. विमा कंपनी काय करते ऐका. शहरातल्या कॉर्पोरेटला एका अपेंडिक्सचे जे देते त्याच्या तिसऱ्या हिश्शात मला गुंडाळते. वर क्वेरी. "पेशंटला दाखल करायची गरज का पडली?" ताप १०४ होता म्हणून! हातमोजे, कापूस, सिरिंज नॉन-पेएबल. मग मी उघड्या हातानं टाके घालू का? सरकारी योजनेतही एकदा शिरलो होतो. पैसे इतके रखडले की पगारासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं, मग बाहेर पडलो. आणि तुम्ही सक्तीच्या गप्पा मारताय. सक्तीनं कार्ड प्रत्येकाच्या खिशात येईल हो, ते घेणारं हॉस्पिटल पंचक्रोशीत राहिलं पाहिजे ना!

उंटावरचा शहाणा

डॉक्टरसाहेब, तुमच्याविषयी कुणी बोललं नाही. पण दर बांधता येतात. कोविडच्या काळात, २१ मे २०२० ला महाराष्ट्र सरकारनं खासगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधले होते: साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटर ९,०००. तेव्हा आभाळ कोसळलं नाही.

डॉ. खेडवळ

कोसळलं, पण तुमच्या अंगावर नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर ज्या दरानं घेतला त्याची पावती अजून ठेवलीय मी. ऑडिटर येऊन माझ्या बिलातले आकडे लाल पेननं खोडत होता, सिलिंडरवाल्याच्या बिलावर कुणी पेन उचललं नाही. माझ्या भुलीच्या डॉक्टरला कोविडनं नेलं. असल्या दरांचं कौतुक सांगताना जरा जपून.

करदाता नंबर एक

भावनिक होऊ नका डॉक्टर. स्टेंटचे दर फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधले, औषध लावलेली ३०,००० च्या आत आली. अँजिओप्लास्टीचं बिल तेवढ्यानं उतरलं का? कुठल्या खात्यात गेले ते पैसे?

डॉ. खेडवळ

मला विचारताय? मी अपेंडिक्स आणि बाळंतपणं करतो. ज्यांनी मार्बलची लॉबी बांधलीय त्यांना विचारा.

कामगार आघाडी

केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा. महाराष्ट्रानं अजून स्वीकारला नाही, १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावर भागवतो. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ ला रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावायचं बंधन आलं. कुणी आपल्या गावच्या हॉस्पिटलात दरपत्रक पाहिलंय? फोटो टाका.

डॉ. खेडवळ

माझ्याकडे लावलंय. मराठीत. जिन्याजवळ. या बघायला, चहा पाजतो. नाहीतर शिव्या द्यायला तरी या.

मालवणी खाजा

सगळे पुण्या-मुंबईचे. आमच्याकडे सिंधुदुर्गात रस्त्यावर कुणी पडलं की गाडी थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला. आजही. जानेवारी २०१८ पासून त्यांनी बाहेरच्या पेशंटना पैसे लावले तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर बसले होते. गोव्याचं चुकलं असंही म्हणवत नाही, त्यांचा कर, त्यांचं हॉस्पिटल. त्यांच्याकडे २०१६ पासून दीनदयाल योजना आहे, तीन माणसांपर्यंत अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख, आणि पाच वर्षांचा रहिवासी असला की पुरे, पिवळं-केशरी कार्ड नाही. आमच्याकडे महाराष्ट्राच्या फुले जन आरोग्य योजनेत पांढरं कार्डवाले आत घ्यायला २०२३ चा शासन निर्णय लागला. ओरोसला सरकारी कॉलेज झालं, चांगलं झालं, पण फुले योजनेच्या कागदावरच्या पाच लाखांनी मेंदूचा सर्जन ओरोसला येत नाही. आकडेबाजांची सक्ती झाली तर आमच्या वेंगुर्ल्याच्या माणसानं हप्ता भरायचा आणि उपचाराला परराज्यात जायचं!

आकडेबाज

पण मग परराज्यातल्या बिलाला निदान विमा तरी असेल की नाही? सर्जन नाही म्हणून विमाही नको, हे कुठलं तर्कशास्त्र?

मालवणी खाजा

तुमचंच. गिऱ्हाईक आधी, दुकान मागाहून.

न्यूजर्सीचा पाहुणा

शाब्बास. इथे माझ्या प्लॅनमध्ये पहिले काही हजार डॉलर मलाच भरावे लागतात, त्यामुळे दुकान समोर असूनही मी आत जात नाही. दाढ दुखली की पुण्याची तिकिटं बघतो.

उंटावरचा शहाणा

ससूनविषयी वर लिहिलं त्यावर मला व्यनि (खासगी निरोप) आलाय की सरकारी दवाखाने १५ ऑगस्ट २०२३ पासून फुकट आहेत, केसपेपरची रांग कसली. ते सार्वजनिक आरोग्य विभागाचे. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तिथे केसपेपर लागतो. आणि फुकट असलं तरी रांग असतेच.

आकडेबाज

एवढं लिहून झाल्यावर माझं एकच म्हणणं उरलंय. सक्ती + नकारबंदी + गरिबाचा हप्ता सरकारनं भरणे, तिन्ही एकदम. वैनींचं ऐकल्यावर रूम रेंटची अट असलेल्या पॉलिसी विकूच देऊ नयेत हे चौथं जोडतो. आमच्या ऑफिसात हे वाचलं तर माझा निरोप समारंभ लवकर होईल.

उंटावरचा शहाणा

म्हणजे माझ्या शीर्षकात जे आहे तेच, फक्त तुम्ही अधिकच्या खुणा घालून लिहिलंत. असो. दरांचं पाचवं जोडलंत तर सहीसुद्धा करतो.

डॉ. खेडवळ

दर बांधताना वीस खाटा आणि चारशे खाटा एका तागडीत तोलल्या तर मी सही करणार नाही.

सांगलीच्या वैनी

तुमचं सह्यांचं चालू द्या. माझं रिन्यूअल पुढच्या महिन्याच्या शेवटी आहे. रूमची अट नसलेल्या दुसऱ्या कंपनीत जाता येईल का? वेटिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो का?

आकडेबाज

नाही. पोर्ट केलंत, म्हणजे तीच पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेलीत, तर जेवढ्या रकमेला जितकी वर्षं झालीत तितकी धरली जातात. वाढवलेल्या रकमेला मात्र नव्यानं. अर्ज रिन्यूअलच्या ४५ दिवस आधी जायला हवा, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम हा आठवडा आहे. नव्या कंपनीला नकार द्यायचा हक्क आहे (उंटराव, ऐकतोय तुम्हाला), म्हणून होकार लेखी येईपर्यंत जुनी बंद पडू देऊ नका. अर्जात सासूबाईंचं ऑपरेशन आणि शुगर असेल तर तीही लिहा, भावकीतला एजंट "राहू द्या" म्हणाला तरी लिहा. आणि रूमच्या रकान्यात 'कोणतीही मर्यादा नाही' हे शब्द दिसल्याशिवाय पैसे भरू नका. 'सिंगल प्रायव्हेट' लिहिलं असेल तर डीलक्सला पुन्हा तीच कात्री.